हिरड्या सरकायला लागल्या आहेत? नेमकं काय, कोणत्या क्रमाने करायचं

हिरड्या सरकल्या की दात लांब दिसायला लागतात आणि थंड पाण्याने शिवशिवतात. मग नेटवर शोधायला जावं तर एका टोकाला हळद-मीठ-मोहरीचं तेल आणि दुसऱ्या टोकाला लेझरच्या जाहिराती. या दोन्हींच्या आधी करायची बरीच कामं असतात आणि त्यातली बहुतेक कमी खर्चाची असतात, पण ती ओळीने कोणी सांगत नाही. माझं प्रकरण खालच्या डाव्या सुळ्यापासून सुरू झालं आणि टाळूचा तुकडा काढून हिरडीला शिवण्यापर्यंत गेलं. त्या वाटेवर जे समजलं ते इथे क्रमाने लिहिते आहे.

सरकलेली हिरडी आपोआप जागेवर येत नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. पेस्ट, मंजन, तेल, गोळी, कशानेही येत नाही. उपचाराचं पहिलं ध्येय आहे ती आणखी सरकू न देणं. गेलेला भाग पुन्हा झाकायचा असेल तर शस्त्रक्रिया लागते, आणि तीही प्रत्येकाला लागत नाही.

## १. आरशासमोर पाच मिनिटं

खिडकीच्या उजेडात उभे राहा, ओठ बोटाने बाजूला करा आणि एकेक दात बघा. दाताचा पांढरा भाग जिथे संपतो त्याच्या पलीकडे पिवळसर पट्टा दिसतोय का? ते दाताचं मूळ. त्या हद्दीवरून हलकेच नख फिरवा. नख अडकलं तर तिथे खाच पडली आहे. दोन दातांमध्ये पूर्वी नसलेले काळे त्रिकोण दिसतात का, ब्रशवर किंवा सफरचंदाच्या फोडीवर रक्त लागतं का, एखादा दात जिभेने ढकलल्यावर हलतो का, तेही बघा.

मोबाइलवर फोटो काढून ठेवा, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. सहा महिन्यांनी ‘वाढलंय की तेवढंच आहे’ यावर घरातल्यांशी वाद घालण्यापेक्षा दोन फोटो शेजारी ठेवणं बरं.

हिरडीतून पू येत असेल, गाल सुजला असेल, ताप असेल किंवा दात अचानक हलायला लागला असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच दवाखाना गाठा. तोंडात दोन आठवडे न भरणारा व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा असेल तर तोही लगेच दाखवायचा.

## २. कारण ओळखा: किटण की घासणं?

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, कारण दोन मुख्य कारणांवरचे उपाय एकमेकांच्या उलट जातात. एकाला जास्त सफाई हवी असते, दुसऱ्याला हात आवरता हवा असतो. कारण न ओळखता ‘अजून नीट घासा’ हा सल्ला पाळला तर निम्म्या लोकांचं नुकसानच होतं, असं माझं मत आहे.

किटणाचा प्रकार. दातावर जमणारा जंतूंचा चिकट थर वेळेत निघाला नाही की लाळेतल्या क्षारांनी कडक होतो. ते किटण. एकदा कडक झालं की ब्रशने निघत नाही. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला ते जास्त जमतं, कारण लाळग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात. जंतूंमुळे हिरडी सुजते, दातापासून सुटते, फट पडते, आणि काही लोकांत त्याखालचं हाडही झिजू लागतं. हाड खाली गेलं की हिरडी त्यामागोमाग जाते. याच्या खुणा म्हणजे रक्त, वास, काळे त्रिकोण, हलणारे दात. दुखतं मात्र फारसं नाही, म्हणून लोक वर्षानुवर्षं काढतात.

घासण्याचा प्रकार. कडक ब्रश, आडवे जोरदार हात, खरखरीत मंजन. इथे हिरडी बहुतेक वेळा निरोगी, गुलाबी आणि घट्टच असते, रक्त येत नाही, पण दाताच्या बाहेरच्या बाजूने ती सरकलेली असते. सुळे आणि त्यांच्या मागचे दोन दात यांवर हे जास्त दिसतं, आणि उजव्या हाताने घासणाऱ्यांचं बऱ्याचदा डाव्या बाजूला. मुळाशी पाचरीसारखी खाच असते. गंमत अशी, की हा त्रास दात अगदी मन लावून घासणाऱ्यांना होतो.

बऱ्याच जणांचं दोन्ही थोडं थोडं असतं. शिवाय काही गोष्टी भर घालतात: जन्मतःच पातळ हिरड्या, रांगेबाहेर आलेला दात, ओठाला आतून हिरडीशी जोडणारी दोरी हिरडीच्या काठापाशी जोडलेली असणं, तारा लावताना दात हाडाच्या बाहेर सरकणं, नीट न बसणारी अर्धी कवळी, ओठात टोचून घेतलेलं दागिन्याचं टोक.

तंबाखूचं वेगळं सांगायला हवं. गालात जिथे बार धरला जातो नेमकी तिथलीच हिरडी सरकलेली असते, आणि शेजारी पांढरा चट्टा असेल तर तो तपासून घेणं हिरडीपेक्षा तातडीचं आहे. आपल्याकडे अजूनही कितीतरी घरांत आजी-मावश्या मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ‘मी तंबाखू खात नाही, फक्त दात घासते’ हे उत्तर डॉक्टरांना देऊ नका, मिश्री म्हणून स्पष्ट सांगा. सिगारेट ओढणाऱ्यांची फसगत वेगळीच: धूम्रपानाने हिरडीतून रक्त यायचं कमी होतं, त्यामुळे आजार आत वाढत असताना वरून सगळं ठीक वाटतं.

## ३. कोणाकडे जायचं

सुरुवात नेहमीच्या दंतवैद्यांकडे, म्हणजे बीडीएस डॉक्टरांकडे करायला हरकत नाही. साधी सफाई आणि घासण्याची पद्धत सुधारणं एवढंच काम असेल तर ते तिथेच होतं. पण दात हलत असतील, अनेक दातांच्या हिरड्या सरकल्या असतील किंवा शस्त्रक्रियेचा विषय निघाला असेल तर पेरिओडॉन्टिस्ट गाठा. म्हणजे हिरड्यांच्या विषयात एमडीएस केलेले डॉक्टर. पाटीवर नुसतं ‘एमडीएस’ असेल तर कोणत्या विषयात ते विचारा. रूट कॅनॉलचे आणि तारांचे डॉक्टरही एमडीएसच असतात.

खर्च परवडत नसेल तर दंत महाविद्यालय हा चांगला पर्याय आहे. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर दंत रुग्णालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, आधी तपासणी विभागात नाव लागतं आणि मग पेरिओ विभागात पाठवतात. काम शिकणारे डॉक्टर करतात, त्यांच्यावर प्राध्यापकांची देखरेख असते. वेळ जास्त लागतो, म्हणून अर्ध्या दिवसाच्या हिशोबानेच घराबाहेर पडा.

## ४. सोबत काय न्यायचं

- सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, किंवा सरळ पाकिटंच. रक्त पातळ करणारी गोळी, फिट्सची गोळी, रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन हे आवर्जून सांगा. हाडांच्या ठिसूळपणासाठी गोळी किंवा इंजेक्शन घेतलं असेल तर तेही.
- मधुमेह असेल तर अलीकडचा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) रिपोर्ट. मधुमेह नाही असं वाटत असेल, पण हिरड्या वयाच्या मानाने फारच खराब असतील, तर डॉक्टर स्वतःच ही तपासणी सांगतील.
- दातांचे जुने एक्स-रे असतील तेवढे सगळे. हाड किती वेगाने कमी झालं हे जुन्या फोटोशिवाय कळत नाही.
- कृत्रिम हृदयझडप, गरोदरपण, कशाची अ‍ॅलर्जी, यांची माहिती.
- सध्या वापरत असलेला ब्रश. हो, खरंच पिशवीत टाकून न्या. केस कोणत्या बाजूला वाकलेत यावरून हात कसा चालतो ते डॉक्टरांना दिसतं.

रक्त पातळ करणारी गोळी ‘दाताचं काम आहे’ म्हणून स्वतःहून बंद करायची नाही. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलू द्या.

## ५. मोजणी झाल्याशिवाय उठू नका

हिरड्यांच्या तपासणीत एक बारीक, मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई वापरतात. तिला प्रोब म्हणतात. दात आणि हिरडी यांच्या फटीत ती अलगद सरकवून प्रत्येक दाताला सहा ठिकाणी खोली मोजतात, तीन बाहेरून, तीन आतून. डॉक्टर आकडे सांगत जातात, सहायक लिहीत जाते: ‘तीन, दोन, तीन… चार, दोन, पाच, रक्त.’ पाठ टेकून ऐकताना कितीचा आकडा आला की दचकायचं तेवढं ठाऊक असलं की पुरे. १ ते ३ मिलिमीटर नॉर्मल. ४ आणि पुढे गेलं की लक्ष द्यायची जागा.

पण फक्त फटीची खोली पाहून समाधान मानू नका. समजा, हिरडी २ मिलिमीटर सरकली आहे आणि तिथली फट ३ मिलिमीटर आहे. फट नॉर्मल, पण दाताचा आधार पांढरा भाग संपतो त्या हद्दीपासून २ अधिक ३, म्हणजे ५ मिलिमीटर खाली गेला आहे. हा बेरजेचा आकडा खरा. तो विचारा.

चार्टवर दातांचे क्रमांक दोन आकडी असतात. पहिला आकडा तोंडाचा चतकोर दाखवतो: १ वरचा उजवा, २ वरचा डावा, ३ खालचा डावा, ४ खालचा उजवा. दुसरा आकडा मधल्या रेषेपासून मोजलेला दात. माझ्या फाइलवर ३३ भोवती गोल होता, म्हणजे खालचा डावा सुळा.

हाडाचा आजार असेल तर स्टेज १ ते ४ आणि ग्रेड ए, बी, सी असंही लिहिलेलं दिसेल. ही २०१८ सालची वर्गवारी आहे. स्टेज सांगते नुकसान किती झालं, ग्रेड सांगते ते किती वेगाने होतंय. दिवसाला १० किंवा जास्त सिगारेटी, किंवा मधुमेह असून एचबीए१सी ७ टक्के किंवा त्याहून जास्त, एवढ्यावरूनच ग्रेड सी होते.

एक्स-रेच्या बाबतीत, संपूर्ण जबड्याचा ओपीजी एका नजरेत चित्र देतो, पण एखाद्या दाताभोवतीचं हाड बारकाईने बघायचं तर छोटा एक्स-रे लागतो. दोन्ही सांगितले तर उगाच पैसे उकळतायत असं लगेच समजू नका.

सापळा: एका दवाखान्यात मला प्रोब हातात न घेताच सगळ्या तोंडाच्या लेझरचं पॅकेज सांगण्यात आलं. मोजणीच्या आधी उपचाराची किंमत आली तर ‘विचार करून सांगते’ म्हणून बाहेर पडायचं. पुढचा खर्च सांगितला जाईल तेव्हा दातागणिक लेखी अंदाज मागा. आरोग्य विम्यात दातांचे असे उपचार साधारणपणे धरलेले नसतात, तेव्हा पॉलिसी आधी वाचलेली बरी.

## ६. सफाई, आणि तिच्याबद्दलचे गैरसमज

किटण असेल तर पहिला उपचार स्केलिंग, म्हणजे उपकरणाने किटण काढणं. फट खोल असेल तर बधिर करून हिरडीच्या आत मुळापर्यंत सफाई करतात. ती एका बैठकीत न उरकता अनेकदा दोन-चार बैठकांत होते. नंतर काही आठवड्यांनी पुन्हा मोजणी. ही दुसरी मोजणी लोक हमखास चुकवतात, कारण तोवर बरं वाटायला लागलेलं असतं. आकडे कमी झाले की नाही हे मात्र तिच्यातच कळतं.

‘सफाई केली आणि दात सैल झाले’ हे प्रत्येक घरात ऐकू येतं. होतं असं, की किटणाने दातांमधल्या फटी भरून टाकलेल्या असतात. ते निघालं की रिकामी जागा जिभेला जाणवते, सुजलेली हिरडी आक्रसते आणि मूळ आणखी उघडं दिसतं. नुकसान आधीच झालेलं असतं, फक्त झाकण निघतं. काही दिवस थंड-गरम जास्त लागतं, तेही बहुधा ओसरतं.

अँटिबायोटिकची गोळी मेडिकलमधून स्वतः आणून घेऊ नका. गोळीने किटण निघत नाही. दोन दिवस सूज उतरते आणि माणूस पुन्हा निवांत होतो.

दात थोडा हलतो म्हणून ‘काढून टाकू’ असं कोणी म्हणालं तर एक दुसरं मत जरूर घ्या. सूज गेल्यावर काही दात घट्ट होतात, काहींना शेजारच्यांशी बांधून आधार देता येतो.

## ७. घरचं काम

ब्रश मऊ घ्या. पाकिटावर ‘मीडियम’ लिहिलेला नको. केस हिरडीच्या काठाकडे साधारण ४५ अंशांत टेकवा, जागच्या जागी हलकेच थरथरवा आणि मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडे खेचून घ्या. ब्रश मुठीत न धरता पेनासारखा धरला की जोर आपोआप कमी होतो. जोर ओळखायची खूण साधी: दाबून केस पसरत असतील तर जोर जास्त. पैसे असतील तर दाब वाढल्यावर इशारा देणारा इलेक्ट्रिक ब्रश घासण्याच्या प्रकारात खरोखर उपयोगी पडतो.

दातांमध्ये फटी असतील तर दोऱ्यापेक्षा (फ्लॉस) बाटलीच्या ब्रशची छोटी आवृत्ती असलेला इंटरडेंटल ब्रश चांगला. जोर न लावता जाईल असा सगळ्यात जाड नंबर घ्यायचा. वेगवेगळ्या फटींना वेगळे नंबर लागू शकतात. पहिल्यांदा डॉक्टरांकडूनच मापं ठरवून घ्या.

घरगुती उपायांवर माझं म्हणणं असं. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या बऱ्या, सूज असताना आराम देतात. तुरटीने हिरडी थोडा वेळ आवळल्यासारखी वाटते, तेवढंच. लवंगेचं तेल थेट हिरडीला लावत राहिलं तर ती भाजते. कोळसा, राखुंडी, विटकरीची पूड आणि बोटाने रगडायचं लाल मंजन, हे सगळं उघड्या मुळावर पॉलिश पेपर फिरवण्यासारखं आहे. बंद.

क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश डॉक्टरांनी सांगितलं असेल तर सांगितलेल्या दिवसांपुरतंच, बहुधा दोन आठवडे. त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात आणि जेवणाची चव बिघडते. पेस्टने घासल्यावर लगेच वापरू नका, मध्ये अर्धा तास जाऊ द्या.

## ८. शिवशिव आणि मुळाची कीड

उघड्या मुळावर इनॅमल, म्हणजे दाताचं कडक बाहेरचं आवरण नसतं, म्हणून थंड आत पोहोचतं. पोटॅशियम नायट्रेटची सेन्सिटिव्ह पेस्ट दोन ते चार आठवडे नेमाने वापरली तर फरक पडतो. एका ट्यूबमध्ये ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडणारे बहुतेक लोक दर आठ दिवसांनी पेस्ट बदलत असतात. घासल्यावर फेस थुंका, पण खळखळून चूळ भरू नका.

मूळ इनॅमलपेक्षा सौम्य आंबटपणातही विरघळायला लागतं. सकाळचं लिंबूपाणी, घोटघोट पुरवून प्यायलेलं कोकम सरबत, कोल्ड्रिंक, यांनंतर लगेच ब्रश करू नका, अर्धा तास थांबा. मुळाला कीड लवकर लागते म्हणून फ्लोराइड असलेली पेस्ट हवीच. डॉक्टर वरून फ्लोराइड वार्निशही लावतात. खाच खोल असेल तर ती सिमेंटने भरतात. मात्र त्या दाताची हिरडी पुढे शस्त्रक्रियेने झाकायचा विचार असेल तर खाच भरण्यापूर्वीच तसं बोला. कुठपर्यंत भरायचं हे त्यावर ठरतं.

## ९. शस्त्रक्रिया कधी, कोणती

हिरडी सरकायची थांबली असेल, शिवशिव पेस्टने आटोक्यात असेल आणि दिसण्याचा प्रश्न नसेल, तर काही न करणं हाही योग्य निर्णय असतो. मोजणी स्थिर असताना केवळ भीतीपोटी टेबलावर चढू नका. सरकणं चालूच असेल, हिरडीची पट्टी इतकी अरुंद उरली असेल की ब्रश लावला की दुखतं, किंवा तारा लावायच्या असतील, तेव्हा विषय गंभीरपणे घ्यावा.

सर्वांत भरवशाची मानली जाणारी पद्धत म्हणजे टाळूतून आतल्या थराचा तुकडा (ग्राफ्ट) घेऊन तो उघड्या मुळावर ठेवायचा आणि हिरडी ओढून त्यावर शिवायची. कधी ग्राफ्टशिवाय नुसती हिरडी ओढून भागतं. छोट्या छिद्रातून हिरडी सैल करून सरकवायची पिनहोल पद्धतही आहे. टाके नसल्याने ती जाहिरातीत छान दिसते, पण दीर्घकाळाचा अनुभव टाळूच्या ग्राफ्टइतका तिच्या पाठीशी नाही. काही ठिकाणी रुग्णाच्याच रक्तापासून केलेला पीआरएफचा थर वापरतात.

मूळ पूर्ण झाकलं जाईल का, हे दोन दातांमधल्या आधारावर ठरतं. फाइलवर आरटी-१ असेल, म्हणजे दातांच्या मधला आधार शाबूत असेल, तर पूर्ण झाकण्याची चांगली शक्यता. आरटी-२ मध्ये, म्हणजे मधला आधार थोडा गेला असेल तर, कमी. आरटी-३ मध्ये, म्हणजे तो खूपच गेला असताना, पूर्ण झाकण्याचं आश्वासन कोणी दिलं तर सावध व्हा. तंबाखू चालू असेल तर ग्राफ्ट धरण्याची शक्यता घटते, आणि घासण्याचा हात सुधारला नसेल तर नवी हिरडीही त्याच वाटेने जाते.

नंतरचे दिवस कसे जातात ते सांगते. ग्राफ्टपेक्षा टाळू जास्त दुखतो. खाताना जीभ तिथेच जाते. टाळूवर बसवायची प्लास्टिकची पातळ प्लेट मिळते का ते आधी विचारा, तिच्याशिवाय पहिला आठवडा चिडचिडीत जातो. गार केलेली मऊ खिचडी, दहीभात, मऊ केलेला उपमा. स्ट्रॉ नको, तिखट नको, फरसाण तर नकोच. त्या जागी ब्रश साधारण दोन आठवडे बंद, टाकेही त्याच सुमारास निघतात. ग्राफ्ट सुरुवातीला पांढुरका, फुगलेला आणि शेजारच्या हिरडीहून वेगळा दिसतो. बघून जीव घाबरा होतो, पण रंग-आकार जुळायला काही महिने लागतात.

सापळा: ‘बघू कसं झालंय’ म्हणून ओठ ओढून आरशात बघायचं नाही. घरातलं कोणी ‘दाखव ना’ म्हणालं तरी नाही. ओढीने टाके ताणले जातात आणि ग्राफ्ट जागचा हलतो.

## १०. पुढची वेळापत्रकं

हाडाचा आजार झालेल्यांना सुरुवातीला साधारण दर तीन महिन्यांनी तपासणी आणि सफाई लागते. आकडे टिकून राहिले तर डॉक्टर अंतर वाढवतात. फक्त घासण्याचा प्रकार असेल तर सहा महिन्यांनी मोजणी आणि फोटो पुरतात. दर वेळी जुना चार्ट नव्या चार्टशेजारी ठेवून बघायला सांगा. त्याच दाताचा आकडा १ मिलिमीटरने हलला तर मोजण्यातला फरकही असू शकतो, २ ने हलला तर कारण विचारा.

नोकरीसाठी किंवा लग्न होऊन गाव बदलत असाल तर निघण्यापूर्वी चार्ट आणि एक्स-रे यांच्या प्रती मागून घ्या. ओपीजीची फाइल मोबाइलवर मागितली तर सहसा देतात. नव्या डॉक्टरांची पहिली बैठक त्याने निम्म्या वेळात होते.